साखर कोठे होते, ते एकदा पाहा



हंगाम लागला की आपले कारखान्याशी नाते वजनकाट्यापाशी सुरू होते आणि पावतीपाशी संपते. गव्हाणीपुढे काय चालते हे पाहिलेले सभासद थोडेच. आमच्या मते हे बरे नाही.

गव्हाणीत पडलेला ऊस बारीक होऊन मिलमध्ये जातो. एका मिलचा चोथा दुसरीत, तिसरीत, वर पाणी शिंपडून पुन्हा पिळायचा. उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्याच वाफेवर कारखाना फिरतो. म्हणजे ऊसच उसाला गाळतो की! पुढे पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. ही युक्ती अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलिए या इंजिनिअरची, १८४३ सालच्या पेटंटातली. पॅनच्या काचेतून दाणा वाढताना दिसतो, आणि सेंट्रिफ्यूगलमध्ये तपकिरी माल बघता बघता पांढरा होतो.

पण एवढ्या यंत्रांनी साखरेचा एक कणही बनविलेला नसतो. ते काम पानाचे. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानाची हवेतून अन्न घेण्याची खास रीत उलगडून दाखविली. मका-ज्वारीत ती आहे, गहू-भातात नाही. बेण्याची कांडीही नीट न्याहाळा. पेऱ्यावर एक डोळा आणि शेजारी बारीक ठिपक्यांची रांग. त्या ठिपक्यांतूनच पहिल्या मुळ्या फुटतात. सगळी तयारी आधीच करून ठेवलेली!

आता मुद्द्याचे. तोडलेला ऊस मेलेला नसतो. तो श्वास घेतो आणि साठविलेली साखर खर्च करतो. काही साखर फुटते, तिचा दाणा बनत नाही, वर ती चांगल्या साखरेलाही मळीत ओढते. उन्हात आणि जळालेल्या उसात ही झीज आणखी वाढते. उतारा घटला की दर घटतो, कारण एफ.आर.पी. उताऱ्यावरच ठरते. "ताजा ऊस द्या, वाढे छाटा, फड पेटवू नका" हे आम्ही दरवर्षी सांगतो. ऐकून माणूस विसरतो, पाहिलेले मात्र विसरत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, हंगामात गटवार वीस-वीस सभासदांना, घरच्या भगिनींना आणि शाळेच्या मुलांना कारखाना आतून दाखवावा. चालत्या यंत्राजवळ गर्दी नको, हा इंजिनिअर मंडळींचा आक्षेप रास्त आहे. पण कठड्याआडून, माहितगार माणूस बरोबर देऊन हे जमण्यासारखे आहे.

आपण या कारखान्याचे मालक आहोत. मालकाने आपले यंत्रही पाहावे आणि आपले पीकही. दोन्ही पाहिलेला शेतकरी तुटलेली मोळी बांधावर वाळत ठेवणार नाही, अशी आमची खात्री आहे.

— ऊस विकास अधिकारी