फॉरमॅट करण्याआधी

मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी यशवंतपूर येते. मे महिन्याच्या सुटीत मी तिथे मामांकडे गेलो होतो. मामा यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या एका अडतीवर दिवाणजी आहेत. नगर-नाशिककडचा कांदा ट्रकने तिथे येतो, लिलाव होतो आणि शेतकऱ्याच्या नावाने पट्टी बनते. पट्टीची कार्बन कॉपी गाळ्यावर राहते. पण कोणी किती उचल घेतली आणि कोणाचे किती देणे बाकी आहे, हे सगळे मामांच्या जुन्या लॅपटॉपवर होते. फक्त तिथेच होते.

मी पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप सुरूच होईना. कंपनीचे चिन्ह यायचे, मग काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, की बूट करायला डिस्क सापडत नाही. मामा तो जवळच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, ८०० रुपये. डेटा जाईल." मामांनी मान हलवायला सुरुवात केली होती. मी म्हटले, "मामा, थांबा. आधी घरी नेऊ."

माझे मत मी इथेच सांगतो. बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्त करणे आणि त्यातल्या फायली वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम आधी करायचे असते. दुकानदार खोटे बोलला नाही. तो यंत्र दुरुस्त करणारच होता. पण मामांना यंत्र नको होते, हिशेब हवा होता, आणि हा फरक त्यांना कोणी विचारला नाही. आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्येही एखादे मशीन अडले की पहिला शब्द फॉरमॅट हाच निघतो.

घरी येऊन मी केलेल्या गोष्टी कोणालाही जमतील अशा आहेत. लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह काढला, कारण कधीकधी मशीन त्यावरूनच सुरू व्हायचा प्रयत्न करते. चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. मग सुरू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये गेलो (काही कंपन्यांत एफ-१०, डिलीट किंवा एस्केप असते). पाहायचे एवढेच, की तिथे डिस्कचे नाव दिसते का. दिसले तर बहुधा विंडोज बिघडले आहे आणि फायली जागच्या जागी आहेत. दिसले नाही तर केबल किंवा डिस्कच आजारी आहे. मामांच्या डिस्कचे नाव एकदा दिसले, पुढच्या वेळी नाही.

इथे माझी चूक झाली. "पुन्हा एकदा करून पाहू" असे म्हणत मी तो लॅपटॉप दहा-बारा वेळा बंद-चालू केला. आतून बारीक टक-टक आवाज येत होता, तो ऐकूनही. शेवटी आपल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज येतो का?" मी हो म्हटले. "मग आत्ता बंद कर. पुन्हा चालू करायचा नाही." हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारे डोके तरंगत असते. ते डोके बिघडले असेल तर प्रत्येक सुरुवातीला तबकडीवर ओरखडे पडू शकतात. मी दहा-बारा वेळा तेच करत होतो.

सरांनी सांगितल्याप्रमाणे यशवंतपूरहून मेट्रोने चिकपेटला उतरून एस. पी. रोडला गेलो. साडेतीनशे रुपयांत हार्ड डिस्कची यूएसबी डबी मिळाली. शेजारच्या दादांचा लॅपटॉप घेतला आणि पेनड्राइव्हवरून त्यावर उबंटू सुरू केले, 'ट्राय' हा पर्याय निवडून. 'इन्स्टॉल' निवडले तर दादांचा लॅपटॉपही गेला असता. विंडोजला डिस्क जोडायची नाही, असे सरांनी बजावले होते. बिघडलेली डिस्क दिसली की विंडोज बरेचदा स्वतःच विचारते, "फॉरमॅट करायची का?" घाईत माणूस हो म्हणतो.

खरी पद्धत अशी, की आधी डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत काढायची. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. पण त्यासाठी तेवढीच मोठी दुसरी डिस्क लागते. ती आमच्याकडे नव्हती. म्हणून आधी काय उचलायचे ते ठरवावे लागले. हिशेबाचे फोल्डर जेमतेम ३० एमबी. मामींना माझ्या मामेबहिणीच्या बारशाचे फोटो हवे होते, ते कित्येक जीबी. मी हिशेब आधी घेतला. तो आला, फक्त मार्चची फाईल उघडेना. मग फोटो लावले. निम्मे आले असतील तोच डिस्क गप्प झाली, ती कायमची.

मार्चसाठी मामांनी आठवडाभर शेतकऱ्यांना एकेक फोन केला. बहुतेकांनी आपली उचल प्रामाणिकपणे सांगितली. एका रकमेवर अजून एकमत नाही. मामी मला काही बोलल्या नाहीत, पण मी लॅपटॉप दहा वेळा चालू केला नसता तर उरलेले फोटोही आले असते का, हे मला माहीत नाही.

यावर आमच्या वर्गातल्या मित्राचे म्हणणे असे, की आता सगळे क्लाउडवर असते, हे कशाला शिकायचे? हे निम्मे खरे आहे. मामांनी रोज रात्री ती ३० एमबी दुसरीकडे ठेवली असती तर मला काही करावेच लागले नसते. पण १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरातले ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल पुसायची. पण कित्येक यंत्रांसमोर माणसालाच जाऊन बसावे लागले. ज्या यंत्रांना बिटलॉकरचे कुलूप होते, तिथे आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. नवीन लॅपटॉप घेतलेल्या पालकांनी ही किल्ली आजच कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही फायली मिळत नाहीत, मग माझ्यासारखा डबी आणून काय करणार?

आपल्याला रायफल खोलायला-जोडायला शिकवतात. ती अडली तर आधी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आपण झोपेतही सांगू. लॅपटॉपबद्दल मात्र आपण परीक्षेत रॅम आणि रॉममधला फरक लिहितो. मुलांच्या हातात मशीन दिले तर ती आणखी बिघडवतील, ही काळजी रास्त आहे. मी स्वतःच त्याचा पुरावा आहे. म्हणूनच चूक मामांच्या डिस्कवर होण्याऐवजी रद्द झालेल्या मशीनवर झालेली बरी.

लॅबच्या मागच्या कपाटात जुने लॅपटॉप पडून आहेत. शनिवारच्या हॉबी पीरियडला त्यातला एक आम्हाला द्यावा, अशी प्राचार्य सरांना विनंती आहे. यूएसबी डबी माझ्याकडे आहे, बारीक स्क्रू-ड्रायव्हरही आहे.