टाकीचा रंग आणि उस्तादांची मजुरी

पेंटरने साडेचार हजार सांगितले आणि मी चक्क हसलो. माझ्या डोक्यात हिशेब आधीच तयार होता. स्प्रेचा एक डबा तीनशेच्या आसपास मिळतो. पाच डबे, थोडा पॉलिश पेपर, थोडी पुट्टी, की झालं काम. मे महिन्याची सुट्टी होती, मोबाईलवर व्हिडिओ होते आणि वर मी बीएड झालेला माणूस. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं त्याला एक टाकी रंगवणं जमणार नाही, असं मला वाटलंच नाही.

गाडी अब्बांची. 1999 ची हिरो होंडा स्प्लेंडर, काळी. कुवेतहून कायमचे परत आल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही पहिली आणि शेवटची वस्तू, बाकी सगळं बहिणींच्या लग्नांत गेलं. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा ती आमच्या ओट्याखाली उभी होती. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर हँडलपर्यंत चिखलाने भरलेली मिळाली. इंजिन मेकॅनिकने उघडून, धुऊन पुन्हा चालू केलं, पण टाकीच्या रंगाला फोड आले होते. बोटाने दाबलं की कुरकुरायचं आणि खाली लाल गंज दिसायचा. अब्बा 2016 मध्येच गेले, गाडीची ही अवस्था त्यांना पाहावी लागली नाही. अम्मी मात्र रोज पाहत होती.

म्हणून मी कामाला लागलो. मी काय काय चुकलो ते नीट सांगतो, कारण व्हिडिओत ते कुणी सांगत नाही.

पहिली चूक बोटांची. पॉलिश पेपर मी नुसत्या बोटांनी घासला. हाताला टाकी गुळगुळीत लागत होती, पण रंग चढला आणि उन्हात धरली तेव्हा माझ्या चारही बोटांच्या पन्हाळी त्यावर उमटलेल्या दिसल्या. पेपर लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायचा असतो, म्हणजे उंचवटा तेवढा कापला जातो आणि खळगा तसाच राहून डोळ्यांना दिसतो. आणि काळा रंग यात सगळ्यात निर्दय. पांढरा किंवा करडा बऱ्याच गोष्टी पोटात घालतो, काळा चकचकीत झाला की आरशासारखा सगळं दाखवतो.

दुसरी चूक घाईची. जाड थर एकदाच मारला, ओघळ आले. ते घासून पुन्हा मारला, तर एका जागी रंग गोल गोल फाकला, माशाच्या डोळ्यासारखा. तिथे कधीतरी ऑइलचा हात लागला असणार. धुण्याच्या पावडरने आणि नंतर थिनरने टाकी पुसायची असते हे मी व्हिडिओत पाहिलं होतं, पण पुसली होती वरवर.

तिसरी चूक हवामानाची, आणि ती कोकणातल्या माणसाने करायला नको होती. हे सगळं निस्तरेपर्यंत जून उजाडला. पाऊस पडून गेला होता, आभाळ उघडलं होतं, म्हणून मी अंगणात वरची लॅकर मारली. दहा मिनिटांत काळ्या टाकीवर दुधाळ पांढरट झाक आली. लॅकर सुकताना थिनर उडून जातो, पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसून आत अडकतं. पुन्हा घासा, पुन्हा डबे आणा. त्यात आणखी नऊशे गेले.

तरी शेवटी चार हात लांबून बघणाऱ्याला बरी दिसेल अशी टाकी झाली. मी फोटो काढले, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकले, माशाअल्लाह मिळवले. आठव्या दिवशी पंपावर पेट्रोल भरताना नळीतून चार थेंब टाकीवर सांडले. मी रुमालाने पुसले, तर रुमालावर काळं आलं आणि टाकीवर सुरकुती पडली. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्प्रे डब्यातली लॅकर नुसती सुकते. हार्डनर मिसळलेल्या लॅकरसारखी ती रासायनिकरीत्या घट्ट होत नाही, म्हणून पेट्रोल तिला विरघळवतं. म्हणजे मोटारसायकलच्या ज्या भागावर पेट्रोल सांडणारच, नेमका तोच भाग मी पेट्रोल न सोसणाऱ्या रंगाने रंगवला होता. तोवर माझे तीन हजार तीनशे पन्नास खर्च झाले होते.

मान खाली घालून त्याच पेंटरकडे गेलो. मूळचे मिरजेकडचे, वीस-बावीस वर्षं इथेच आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उर्दूत उस्ताद म्हणजे शिक्षक. वर्गात मी मुलांना हा शब्द शिकवतो, पण मला स्वतःला सगळे ‘सर’च म्हणतात. ‘उस्ताद’ ही पदवी आपल्या समाजाने गॅरेजवाल्यासाठी आणि तबलजीसाठी राखून ठेवली आहे. त्यांनी टाकी हातात घेतली, डोळे मिटून तळवा फिरवला आणि म्हणाले, “सर, आता पाच हजार होतील. पाचशे तुमचा रंग काढायचे.”

या वेळी मी हसलो नाही. सुट्टीचे शेवटचे दिवस होते, त्यामुळे त्यांचं काम बसून पाहिलं. टाकी रिकामी करून, आतली वाफ जाईपर्यंत उघडी ठेवून, आधी सगळा थर पत्र्यापर्यंत उतरवला. गंज खरवडला. जिथे खोच होती तिथे पेस्ट भरली, ऐंशी नंबरच्या पेपरने घासली, मग एकशे ऐंशी, मग तीनशे वीस. प्राइमर मारला. प्राइमरवर काळ्या रंगाची अगदी विरळ धूळ उडवली आणि पुन्हा ठोकळ्याने घासायला लागले. मला वाटलं, आता हे काय? घासल्यावर उंच जागेवरची काळी धूळ निघून गेली आणि खळग्यातली राहिली. म्हणजे कुठे भरायचं बाकी आहे ते टाकीनेच दाखवलं. माझ्या बीएडच्या कॉलेजात ‘मूल कुठे अडलं ते आधी शोधा, मग शिकवा’ हे वर्षभर घोकून घेतलं होतं. इथे ते दहा रुपयांच्या रंगात होत होतं.

चार दिवसांच्या कामात फवारणीची गन त्यांच्या हातात जेमतेम अर्धा तास होती. बाकी सगळी घासाई. काळा रंग, त्यावर पट्ट्यांचे स्टिकर, त्यावर हार्डनर घातलेली लॅकर दोन हात, मग पंधराशे आणि दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, शेवटी कंपाउंड. आपण पेंटरला ‘रंगाचे’ पैसे देतो असं समजतो आणि रंगाच्या डब्याची किंमत माहीत असल्यामुळे त्याला लुटारू ठरवतो. ती रक्कम घासाईची असते, आणि चांगल्या कामात ती घासाई दिसतच नाही.

आणि ती छातीचीही असते. लॅकर मारताना उस्तादांनी तोंडाला सुती रुमाल बांधला होता. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो, आणि शरीर एकदा त्यांच्यावर बिथरलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. रुमाल त्याला अडवत नाही. करोनातले मास्कही वाफ अडवत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये यासाठी हवा खेचणारी बंद खोली असते आणि फवारणाऱ्याला नळीतून बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क असतो. उस्तादांकडे पत्र्याची शेड आणि एक टेबलफॅन. दर थोड्या वेळाने ते बाहेर येऊन खोकत होते. हा खोकला किती वर्षांचा, ते मी विचारलं नाही.

त्यांच्या हाताखाली पेपर भिजवून देणारा मुलगा माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. आठवीत माझ्याच वर्गात होता. अभ्यासात यथातथाच. आम्ही शिक्षक अशा मुलांना काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. “शिकला नाहीस तर गॅरेजला जाशील.” मीही म्हणालो असणार, त्यालाही म्हणालो असणार. ज्या वर्गात निम्म्या मुलांचे बाप गॅरेजवाले, वेल्डर, ड्रायव्हर, त्या वर्गात हे वाक्य मी वीस वर्षं धमकी म्हणून वापरलं. मुसलमान कामगारांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे हे सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवलं, आणि त्यावर आपण भाषणंही पुष्कळ केली. नोकऱ्या मिळत नाहीत ही तक्रार खरीच आहे. पण जे हाताने कमावत आहेत त्यांच्या दरात पाचशे रुपये कमी करून घेणारे आपणच असतो. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही हदीस जुम्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो. देतोही वेळेवर. पण घाम गाळण्याआधीच घासाघीस करून ती मजुरी अर्धी करून ठेवलेली असते, त्याचं काय?

तर माझं मत असं. टाकी स्वतः रंगवू नका. पैसे वाचतील म्हणून तर मुळीच नको, मला एकूण आठ हजार तीनशे पन्नास पडले. हौस म्हणून, कला शिकायची म्हणून कुणाला करायचंच असेल तर खुशाल करावं, पण हार्डनरवाली लॅकर घरात, अंगणात, पोराबाळांच्या जवळ मारू नये. चेन कव्हर, स्टँड, कॅरिअर, लेगगार्ड हे घरी रंगवा. तिथे ओघळ आला तरी कुणी बघत नाही आणि हात बसतो. माझं कॅरिअर मीच रंगवलेलं आहे आणि अजून छान आहे. सुटे भाग खोलणं, धुणं, हेअर ड्रायरने गरम करून जुने स्टिकर काढणं हेही घरी होतं. पेंटरला आधी विचारून केलं तर तो तेवढे पैसे आपणहून कमी करतो. रंग बदलणार असाल तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर काळ्याची लाल झालेली गाडी पोलिसाला समजावत बसावं लागेल.

शाळा सुरू झाल्यावर मी डब्या लावायचा रबरी मास्क आणला, बाराशेला पडला. नळीतून हवा देणाऱ्या मास्कइतका तो पक्का नाही, पण रुमालापेक्षा फार बरा. उस्तादांना दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, शुक्रिया म्हणाले आणि एक साधा प्रश्न विचारला. “सर, या डब्या संपल्यावर कोण बदलणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा मास्क खिळ्याला टांगलेला होता. मुलगा म्हणाला, “कधी कधी घालतात. मी घालतो.” एवढं बोलून तो पुन्हा पेपर भिजवायला लागला.

वर्गात ते गॅरेजचं वाक्य मी आता वापरत नाही. अजून जिभेवर येतं, गिळतो.

गेल्या महिन्यात पत्नीच्या स्कूटरचं पुढचं मडगार्ड घेऊन गेलो, कुणीतरी घासून गेलं होतं. उस्तादांनी बाराशे सांगितले. ‘एवढे?’ हा शब्द सवयीने तोंडापर्यंत आला.

“यात मास्कच्या डब्यांचे किती धरलेत?” मी विचारलं.

“ते कुठे धरतो आपण?”

“मग धरा.”

त्यांनी माझ्याकडे थोडं संशयाने पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मग चौदाशे.”