खाडीला खत कोणी घातले?

आमच्या शेजारच्या वहिनींनी यंदा गच्चीतल्या गुलाबांना दुप्पट खत घातले. फुले आली नेहमीइतकीच. मात्र कुंड्यांतून झिरपलेले पाणी ज्या जुन्या टपात साचते, तो आठ दिवसांत हिरवागार झाला. “भाऊजी, हे शेवाळ आले तरी कुठून?” त्यांनी विचारले. तेव्हा मी त्यांना ऑस्ट्रेलियातली एक हकीगत सांगितली.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या दक्षिणेस पील-हार्वी नावाची उथळ खाडी आहे. तिला मिळणाऱ्या नद्यांकाठची जमीन बरीचशी रेताड. शेतकऱ्यांनी तीत वर्षानुवर्षे सुपरफॉस्फेट टाकले. पण रेती फॉस्फरस धरून ठेवीना! हिवाळी पावसाबरोबर तो वाहत खाडीत येई आणि तळच्या गाळात साठे.

आपल्याकडे आकाशकंदील लागतात, तेव्हा तिकडे वसंत असतो. पाणी कोमट होई, तळाशी प्राणवायू कमी पडे आणि गाळ आपला साठा पुन्हा पाण्यात सोडी. मग नोड्युलारिया नावाचे विषारी नील-हरित शेवाळ माजे. नायट्रोजन ते हवेतला मिळवू शकते. अडते ते फॉस्फरसवाचून, आणि तो तर आयता हजर! १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रकार वारंवार होऊ लागला. कुजणाऱ्या शेवाळाची दुर्गंधी काठच्या लोकांना नकोशी झाली.

समुद्राकडे जाणारी जुनी वाट अरुंद होती; पाणी लवकर बदलत नसे. अखेर १९९४ साली सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा डॉसव्हिल कालवा खुला झाला. भरती-ओहोटी मोकळेपणी खेळू लागली, खारेपणा वाढला. समुद्राइतके खारे पाणी नोड्युलारियाला मानवत नाही. खाडीतून त्याने काढता पाय घेतला.

मग प्रश्न सुटला म्हणायचा? छे! नद्यांच्या मुखाजवळच्या भागात, जिथे समुद्राचे पाणी नीट पोहोचत नाही, तिथे शेवाळाचा त्रास राहिलाच. कारण उघड आहे. कालव्याने पाणी बदलले, पण शेतांतून येणारे खत काही थांबले नाही.

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे नुसता टप घासून भागायचे नाही. खताचा चमचाच लहान घ्यायला हवा.”

वाचकहो, मोठमोठ्या खाड्यांनाही याहून निराळा उपाय नाही!