अर्ज मुलाचा, शब्द कोणाचे?

गणपतीचे विसर्जन होते न होते तोच आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दुसऱ्याच एका लगबगीला आरंभ होतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुलगा वा मुलगी संगणकशास्त्रातील एम.एस.साठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करणार असते. अनेक नामांकित विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या मध्याला संपते. विद्यापीठांच्या याद्या होतात, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत खेटे सुरू होतात, राहत्या घराची कागदपत्रे कपाटातून बाहेर येतात. याच सुमारास कोणी परिचित सहज सांगून जातो, "एसओपीची काळजी करू नका, ते लिहून देणारे आहेत." घरातील सर्वांना हायसे वाटते. हे हायसे वाटणेच चिंतेचे आहे.

मागील महिन्यात एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी जाणे झाले. त्यांच्या मुलाने आपले 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे अर्जासोबतचे हेतुनिवेदन, वाचावयास दिले. इंग्रजी निर्दोष होते. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी घरी संगणक आणला, त्या क्षणापासून या यंत्राने मला झपाटले, अशी सुरुवात होती. वडील हसून म्हणाले, "अहो, आमच्याकडे संगणक आला तेव्हा हा दहावीत होता!" सगळेच हसले. परंतु ज्या गृहस्थाने आयुष्यभर नोकरीत प्रवासभत्त्याचे एक खोटे बिल लावले नाही, त्याच्याच घरातून त्याच्याच मुलाच्या स्वाक्षरीने एक असत्य जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते, आणि त्यासाठी पैसेही त्यानेच मोजले होते.

असे असत्य लपतही नाही. २००७ साली ब्रिटनमध्ये विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज संगणकाने परस्परांशी ताडून पाहिले गेले. तेव्हा २३४ अर्जदारांनी एकच हृद्य आठवण लिहिल्याचे आढळले : आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पडले आणि विज्ञानाची गोडी लागली! आपल्याकडील 'सहाव्या वर्षीचा संगणक' हा त्या पायजम्याचाच भाऊ. आता तर गुळगुळीत इंग्रजी कोणतेही यंत्र क्षणार्धात आणि फुकट लिहून देते. ज्याच्यासाठी सल्लागाराला हजारो रुपये द्यावयाचे, त्या भाषेचे मोल संपले आहे. मोल उरले आहे ते केवळ अर्जदाराने स्वतः केलेल्या कामाला.

"सगळेच करतात, मग आपल्याच मुलाचे नुकसान का करून घ्यावे?" असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर निवडीच्या पद्धतीतच सापडते. असे अर्ज त्या विभागाचे प्राध्यापक वाचतात. उत्तम गुणपत्रिका शेकडो जणांकडे असते. २०२० च्या महामारीनंतर अनेक विभागांनी जीआरई परीक्षा ऐच्छिक केली वा वगळली. मग उरतात हेतुनिवेदन आणि बहुधा तीन शिफारसपत्रे. आपल्या अनेक महाविद्यालयांत हे शिफारसपत्र विद्यार्थीच लिहितो आणि सर स्वाक्षरी करतात. तिन्ही पत्रांत तीच विशेषणे, तीच वाक्यरचना आणि एकाही पत्रात एकही प्रसंग नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही काय? शिवाय अर्जातील माहिती खोटी निघाल्यास दिलेला प्रवेश रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठे राखून ठेवतात. घर गहाण टाकून मिळविलेला प्रवेश अशा पायावर उभा करणे हे व्यवहारज्ञानही नव्हे.

मग खरी तयारी कोणती? ती शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरात होत नाही, दुसऱ्या वर्षात सुरू होते. डिस्क्रीट गणित, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय परीक्षेपुरते नव्हे तर मुळापासून शिकावेत. महाविद्यालयातील अध्यापन कमी पडत असेल, तर २००३ पासून चालू असलेल्या एनपीटीईएलवर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या उपलब्ध आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात, तिच्यासाठी अर्ज करावा. मुक्तस्रोत प्रकल्पांत भर घालणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गूगलचा 'समर ऑफ कोड' उपक्रम २००५ मध्ये सुरू झाला. तेथे आपण लिहिलेला कोड अनोळखी माणसे तपासतात आणि चुका दाखवितात. असा एक उन्हाळा दहा प्रमाणपत्रांहून अधिक शिकवून जातो. ज्या प्राध्यापकांनी दोन वर्षे आपले काम पाहिले, त्यांच्याकडेच शिफारसपत्र मागावे आणि ते त्यांनाच लिहू द्यावे.

विषय शोधावयास दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद अफाट संख्येने पडून आहेत आणि ते वाचणारी माणसे मोजकी. संगणकाला मोडी वाचावयास शिकविणे हा प्रथम श्रेणीचा संशोधनविषय आहे. मालवणी, अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे बोलणे यंत्राला कळावे, हा दुसरा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला, तो याच गरजेतून. हे प्रश्न आपल्या मुलांना उपजत दिसतात. तरीही मराठी माध्यम, तालुक्याचे गाव आणि आजोबांची बखरींची पेटी यांची लाज वाटून मुले ते सारे अर्जातून पुसून टाकतात आणि कोणा अपरिचिताचे बालपण उसने घेतात. यास आत्मविस्मृतीखेरीज दुसरे नाव नाही.

सेवेविषयीही एक सांगितले पाहिजे. अर्जात 'समाजकार्य' दिसावे म्हणून वनवासी पाड्यावर एक दिवस जाऊन छायाचित्रे काढून आणणारे विद्यार्थी आता आपल्या प्रकल्पांवरही दिसू लागले आहेत. कार्यकर्त्यांनी अशा भेटींची प्रमाणपत्रे देण्याचे नम्रपणे नाकारावे. ज्याने दोन वर्षे सेवावस्तीत नेमाने मुलांना गणित शिकविले, त्याने ते अवश्य लिहावे, कारण ते त्याच्या जीवनाचा भाग आहे. सेवा ही अर्जाची पायरी झाली की ती सेवा राहत नाही.

परदेशी शिकावयास जाण्यात काही गैर नाही. ज्ञान जेथे असेल तेथून ते आणण्याची आपली परंपरा आहे. परंतु ज्ञान तेथेच आहे, हा भ्रम नसावा. ऑगस्ट २००२ मध्ये आय.आय.टी. कानपूरचे प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे व वेगाने ठरविण्याची रीत शोधून जगाला चकित केले. दोघे विद्यार्थी नुकतेच बी.टेक. झाले होते आणि या शोधाचे मूळ त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पात होते. २००६ मध्ये तिघांना गोडेल पारितोषिक मिळाले. पुढील संशोधनही दोघांनी कानपूरलाच केले. शिवाय अमेरिकेचे दार आपल्या हाती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हा कित्येक घरांची गणिते एका रात्रीत कोलमडली. केवळ व्हिसासाठी रचलेला अर्ज अशा वेळी निरुपयोगी ठरतो. केलेला अभ्यास मात्र कोठेही उपयोगी पडतो.

म्हणून पालकांना एक विनंती. सल्लागाराकडे जाण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलासमवेत बसा आणि मराठीतच तीन प्रश्न विचारा : तू स्वतः काय केलेस? कोठे अडलास? आता काय जाणून घ्यावयाचे आहे? उत्तरे त्याला आधी मराठीत लिहू द्या, मग त्यानेच ती इंग्रजीत उतरवावीत. व्याकरण कोणी तपासून दिले तर हरकत नाही. आशय मात्र त्याचाच असू द्या. उत्तरे सुचली नाहीत, तर तेही वेळीच कळलेले बरे. वर्षभर थांबून काम करावे, मग अर्ज करावा.

त्या कार्यकर्त्याच्या मुलाने निवेदन पुन्हा लिहिले. आता ते त्याच्या गावच्या एस.टी. आगारापासून सुरू होते. गाड्यांच्या उशिराचा अंदाज बांधणारा एक प्रोग्रॅम त्याने तिसऱ्या वर्षात केला होता आणि तो पावसाळ्यात सपशेल फसला होता. तो का फसला, हे त्याने दीड पानात लिहिले आहे. इंग्रजी पूर्वीइतके सफाईदार नाही. वडिलांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "हा आमचाच मुलगा." प्रवेशाचा निकाल यावयाचा आहे. तो काहीही लागो, त्या घराने जपलेली सचोटी या अर्जातही शाबूत राहिली आहे.