मापं घ्या, मग साडीचं बोला

मैदानाबाहेर : साप्ताहिक सदर
नाचणगाव, जि. वर्धा

२६ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये पाऊस पडत होता आणि सीन नदीवरून भारताचं पथक बोटीतून चाललं होतं. तिरंगा पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल यांच्या हाती. पुरुष कुर्ता-बंडीत, महिला साडीत. साडी पांढरी, काठ केशरी-हिरवे, वर इकतची नक्षी. ही नक्षी मात्र विणलेली नव्हती, छापलेली होती. लगेच आपल्याकडे साडीवरून भांडण जुंपलं. ते भांडण अजून संपलेलं नाही, कारण ज्या मुद्द्यावर ते व्हायला हवं होतं तिथपर्यंत ते पोचलंच नाही.

सगळ्यांत जास्त फिरलं ते एका डॉक्टर-लेखिकेचं मत. दादरच्या रस्त्यावर दोनशे रुपयांत याहून बऱ्या साड्या मिळतात, असं त्यांनी लिहिलं. इकतसारखी अवघड कला हातात असताना तिची छापील नक्कल नेसवून जगासमोर उभं राहायचं, हा त्यांचा राग मला पूर्ण पटतो. दोनशे रुपयांचं बोलणं मात्र टोचलं. त्याच दोनशे-तीनशेच्या छापील साड्या आमच्या नाचणगावात रोज नेसल्या जातात. पुलगावच्या बाजारातून त्या येतात, धुतल्या की लवकर वाळतात, वर्षभर टिकतात. ज्या बाया त्या नेसतात त्यांच्या कष्टावर या जिल्ह्यातला कापूस घरी येतो.

त्या बायांना कधी वेचणीच्या दिवसांत वावरात जाऊन पाहावं. साडी वर खोचलेली असते. त्यावर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, कमरेला कापसाची ओटी. पऱ्हाटीच्या काड्यांनी हात ओरबाडतात, उन्हाने कातडी भाजते, फवारणीचा अंश पानांवर असतो, म्हणून तो शर्ट. बाईने शर्ट घालावा असं कुठल्या संघटनेने ठरवलं नव्हतं. काम बाईचं होतं, अंग तिचं होतं, तिने स्वतः ठरवलं. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपल्या महिला खेळाडू पिवळ्या साडीवर निळा ब्लेझर घालून चालल्या, तेव्हा कित्येकांना ते ध्यान विचित्र वाटलं होतं. मला साडीवर पुरुषी कपडा चढवण्यात विचित्र काही दिसलं नाही, आमच्या शिवारात ते रोजचं आहे. फरक एवढाच की वावरातली बाई आपल्या गरजेने ठरवते आणि खेळाडूला मात्र ठरलेलं सांगितलं जातं.

पॅरिसच्या वादात ज्वाला गुट्टा जे बोलली ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ती स्वतः दोन ऑलिम्पिक खेळलेली. तिने लिहिलं की सगळ्या मुलींना साडी नेसता येत नाही. मग आधीच चुण्या घालून शिवलेली साडी का दिली नाही? मुली अवघडलेल्या दिसत होत्या, ब्लाऊज नीट बसत नव्हते. रंग आणि नक्षीबद्दलही ती बोलली, पण तिच्या बोलण्याचा गाभा ब्लाऊजमध्ये आहे. बाकी देश नक्षीवर बोलत होता आणि ही बाई मापावर बोलत होती. खेळलेल्या माणसाला आधी माप दिसतं. ज्या कपड्यात खांदा अडतो, श्वास अडतो, तो कपडा कितीही देखणा असला तरी तिच्या दृष्टीने बिघडलेलाच.

तो पोशाख ज्या कंपनीने दिला ती 'तस्वा', तरुण ताहिलियानी आणि आदित्य बिर्ला समूह यांचा ब्रँड. मुळात पुरुषांच्या भारतीय पोशाखांचा. ताहिलियानी यांचं स्त्रियांच्या कपड्यांतलं नाव मोठं आहे, त्यांच्या कसबाविषयी मला शंका नाही. तरी महिला खेळाडूंच्या साडी-ब्लाऊजचं काम पुरुषांचे कपडे विकणाऱ्या ब्रँडच्या झेंड्याखाली व्हावं, याचं कुणालाच काही वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या पथकात ११७ खेळाडू होते आणि त्यांपैकी ४७ महिला.

२०१२ पासून हा पोशाख किती वेळा फिरला ते पाहा. लंडनला साडी आणि ब्लेझर. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी भारतीय ऑलिम्पिक संघाने साडी काढली आणि महिलांनाही ब्लेझर-पँट दिली. कारण दिलं सोयीचं, आणि ते खरंही होतं, कारण उद्घाटनाला तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि अनेकींना साडी नेसवायलाच मदतीला माणूस लागतो. तेव्हा संस्कृती बुडाली म्हणून ओरड झाली. पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत साडी परत आली, खाकी रंगाची, उंच गळ्याच्या ब्लाऊजसह. आणि मग पॅरिस. दर वेळी एक बाजू म्हणते साडी म्हणजे देशाची शान, दुसरी म्हणते साडी म्हणजे खेळाडूच्या पायातली बेडी. साडी गेली तीही वरून आलेल्या निर्णयाने आणि आली तीही वरूनच.

मी साडीच्या विरोधात नाही. आमच्या आज्या कासोटा घालून नऊवारीत विहिरीत उतरत, झाडावर चढत, बैलगाडी हाकत. साडीत चपळता नसते असं म्हणणाऱ्यांनी ती नेसणं कधी पाहिलेलंच नाही. पण ती चपळता त्यांच्या रोजच्या नेसण्यातून आलेली होती. वर्षातले बहुतेक दिवस ट्रॅकसूटमध्ये घालवणाऱ्या विशीतल्या मुलीला सोहळ्याच्या दिवशी साडी देऊन ती आज्यांसारखी वावरेल ही अपेक्षा चुकीची आहे. दुसरं असं की साडी सगळ्या भारताची नाही. हांगझोऊला झेंडा धरला होता हरमनप्रीतसिंग आणि लवलिना बोर्गोहेन यांनी. लवलिना आसामची, तिथला घरचा पोशाख मेखला-चादर. मीराबाई चानू आणि मेरी कोम मणिपूरच्या, तिथे फनेक. देशासाठी पदकं आणणाऱ्या या बायांना भारतीय दिसण्यासाठी आधी आपला पोशाख उतरवावा लागावा, हे मला मान्य नाही.

आता जरा खाली येते, आपल्या तालुक्यात. मी बरीच वर्षं शाळेत खेळ शिकवला. मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्यातून जिल्ह्याला गेला की किट यायचं. किट म्हणजे एका गठ्ठ्यात सगळ्या संघांचे ट्रॅकसूट, आणि मापं मुलांची. खांदा रुंद, कंबर सैल, मांडीला आवळ. एका वर्षी संचलनाच्या आधी आमच्या कर्णधार मुलीने हळूच सांगितलं, "मॅडम, पँट घसरते ना जी." मी तिच्या पँटला सेफ्टी पिना लावल्या. ती संचलनात पुढे चालली, एक हात कमरेवर ठेवून. लोकांना वाटलं ऐट करते. किट ज्यांनी मागवलं त्यांना मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की मुलींची वेगळी मापं घ्यायची पद्धत नाही. ही पद्धत नसल्याची अडचण वरच्या पातळीपर्यंत तशीच चालत जाते, हे मला नंतर मोठ्या मुलींकडून कळत गेलं.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. पाळीच्या दिवसांत पांढरी पँट घालून मैदानात उतरणाऱ्या मुलीचं अर्धं लक्ष मागे असतं. सामना हरल्याचं दुःख एक दिवस राहतं, पण डाग दिसेल ही भीती मुलीला खेळ सोडायला लावते. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्या नववीनंतर मैदानावर आल्याच नाहीत, आणि कारण त्यांनी फक्त मला सांगितलं. आपल्याकडे यावर उघड बोलत नाहीत. बाहेर बोलू लागले आहेत. २०२३ मध्ये विम्बल्डनने महिलांना पांढऱ्या स्कर्टखाली गडद चड्डी घालायला परवानगी दिली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने खेळाडूंच्या तक्रारीनंतर पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या. अंगाशी निगडित साध्या अडचणी मांडायला तिथल्या मोठ्या खेळाडूंनाही इतकी वर्षं लागली.

'कपड्यांनी पदकं मिळतात का, सोडा ना हा विषय' असंही काही जण म्हणतात. मग संघटनांनी तो कधी सोडला? २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने मोठ्या स्पर्धांत महिलांनी स्कर्टच घालावा असा नियम केला, आणि कारण दिलं खेळ आकर्षक दिसावा हे. जगभर ओरड झाल्यावर तो मागे घेतला. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुली बिकिनीऐवजी चड्डी घालून खेळल्या म्हणून त्यांना १५०० युरो दंड झाला. बिकिनीची कडा १० सेंटीमीटरपेक्षा रुंद नको असा नियम होता, आणि पुरुषांना मात्र चड्डी चालत होती. पुढे नियम बदलला. तिकडे कापड कमी करा म्हणत होते, आपल्याकडे पदर सांभाळा म्हणतात. दोन्हीकडे बाईने दिसावं कसं हे ठरवणारा माणूस मैदानाबाहेर बसलेला.

आणि जिथे गणवेशाचा प्रश्नच नसतो तिथेही बाईच्या कपड्यांची चर्चा सुटत नाही. नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथे बुद्धिबळ खेळून आली आणि तिने उघड लिहिलं की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरच बोलत होते. तेव्हा ती अठराची होती. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर लोकांनी तिचा खेळ पाहिला. जिंकण्याआधीही पाहायला हवा होता, आणि ज्या मुली जिंकणार नाहीत त्यांचाही पाहायला हवा.

आता कापडाविषयी. हा जिल्हा सेवाग्रामचा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ मध्ये केलं. खादी आणि ग्रामोद्योग यांचं हे संग्रहालय. पुलगावची कापड गिरणी इंग्रजी अमदानीतली, तिच्या भोंग्यावर आमच्या गावातल्या कित्येक घरांची घड्याळं चालत. भंडारा-नागपूर भागातल्या करवती काठाच्या टसर साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. साडेपाच मीटरची एक साडी धरली तर ४७ खेळाडूंना लागतात सुमारे २६० मीटर. चार वर्षांतून एकदा एवढं कापड विणून देणं आपल्या विणकरांना जड नाही. संबळपूर असो, पोचमपल्ली असो, मोहाडी असो. खरं इकत विणणारे हात देशात असताना छापील इकत परदेशी नेणं, हा त्या विणकरांचा अपमान होता, आणि या मुद्द्यावर मी त्या डॉक्टर-लेखिकेच्या बाजूने उभी आहे.

पण कापड कोणाचं हा प्रश्न माप कोणाचं याच्यानंतर येतो. करण्यासारखं फार अवघड काही नाही. एकच रंग, एकच विणलेलं कापड घ्यावं आणि त्याचे तीन प्रकार शिवावेत: चुण्या घालून शिवलेली साडी, सलवार-कुर्ता, आणि बंद गळ्याचा कोट-पँट. कोण काय घालणार हे खेळाडूने स्वतः सांगावं, आणि मापं सराव शिबिरातच घ्यावीत. लांबून पाहिलं तर पथक एकरंगी दिसेल, जवळून पाहिलं तर प्रत्येक बाई आपल्या कपड्यात सरळ उभी दिसेल. संचलन एकसारखं दिसावं म्हणून सगळ्या बायांनी एकसारखं अवघडायची गरज नाही. भारतीय ऑलिम्पिक संघाच्या अध्यक्षपदी २०२२ पासून पी. टी. उषा आहेत. त्या स्वतः धावलेल्या. त्यांनी हे करावं, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

दुसरी विनंती इथल्यांना, देवळी तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना, मुख्याध्यापकांना, किट देणाऱ्या दात्यांना. यंदा ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन वर्गात एक बाई पाठवा. मुलींची मापं वेगळी लिहा. पँटचा रंग पांढरा धरू नका. आणि त्यांना काय घालायचं आहे ते विचारा, विचारल्यावर ऐका.

लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक १४ जुलै २०२८ ला सुरू होतं. तिथे इतिहासात पहिल्यांदा महिला खेळाडूंच्या जागा पुरुषांपेक्षा जास्त आहेत.