मिठी नदी

मुंबईस एक नदी आहे, आणि ती नदी आहे हेच पुष्कळांस ठाऊक नसते. विहार व पवई या तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन ती निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीत समुद्रास मिळते. तिचे नाव मिठी. नाव किती गोड! पण तिच्या पुलावरून जाणारा मनुष्य नाकाला रुमाल लावतो.

भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढते व नदीचे पाणी तुंबते. ते पसरावयास पूर्वी काठी खाजणे होती, तिवरांची दाट बने होती. माणसांनी तेथे भराव घातला व पात्र अरुंद केले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातच भरती आली. नदीने आपली जुनी जागा परत घेतली. शहरात शेकडो माणसे दगावली.

त्यानंतर पात्र रुंद व खोल करण्यात आले. ते आवश्यकच होते. परंतु केवळ गाळ उपसून नदी निर्मळ कशी होणार? वस्त्यांचा मैला, गोठ्यांतील शेण, कारखान्यांचे तेल तिच्यात पडतच राहिले, तर रुंद पात्रातून तीच घाण अधिक वेगाने समुद्रात जाईल. पुराची भीती साऱ्या शहराला वाटते. घाणीची झळ मात्र आधी माहीमच्या कोळ्यांना लागते. म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याचे काम मागे ठेवणे न्यायाचे नव्हे. पावसाळ्यापूर्वी किती गाळ निघाला हे जसे मोजतात, तसे किती सांडपाणी शुद्ध होऊन नदीत आले, हेही दर वर्षी मोजले पाहिजे.