नवी आवृत्ती कधी येणार? स्वयंसेवकांच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख कशी ठरते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावात शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जुना संगणक असेल आणि त्यावर विंडोज ११ चालत नसेल, तर लिनक्स हा एक पर्याय उरतो. तो फुकट मिळतो. पण खरा प्रश्न वेगळाच आहे: हे किती वर्षं चालणार आणि पुढची आवृत्ती कधी येणार?

विंडोजची तारीख कंपनी ठरवते. डेबियन या लिनक्सचा कुणी मालक नाही, जगभरातले स्वयंसेवक ते बनवतात. त्यांना 'अमुक तारखेपर्यंत काम संपव' असा हुकूम कोण देणार?

जुलै २००९ मध्ये काय घडलं?

'तयार झाल्यावर देऊ' ही डेबियनची जुनी ओळख. ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची थेट जून २००५ मध्ये. हे बदलायचं म्हणून जुलै २००९ मध्ये घोषणा झाली की यापुढे दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये 'फ्रीझ' होईल. फ्रीझ म्हणजे नवं काही घ्यायचं बंद, फक्त चुका दुरुस्त करायच्या. पहिला फ्रीझ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांवर!

कल्पना चांगलीच होती. पण अनेक स्वयंसेवकांना ती जगासोबतच कळली, आधी कुणी विचारलंच नव्हतं. नाराजी इतकी झाली की डिसेंबरची तारीख लगेच मागे घ्यावी लागली. प्रत्यक्ष फ्रीझ ऑगस्ट २०१० मध्ये झाला आणि आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये आली. ज्यांना पगार नाही त्यांच्या सुट्टीच्या दिवसांचा हिशेब परस्पर मांडला, तर दुसरं काय होणार?

मग आता काय करतात?

डेबियन आता आवृत्तीची तारीख खूप आधी सांगत नाही, फ्रीझची सांगते. डेबियन १३ चा फ्रीझ मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने कडक होत गेला. काम आवाक्यात आल्यावरच ९ ऑगस्ट ही तारीख जाहीर झाली आणि ती पाळलीही गेली. सपोर्ट किती, तेही स्पष्ट आहे: तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं मर्यादित.

लिबरऑफिसचं गणित उलटं आहे. नवी आवृत्ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते. २५.८ या क्रमांकातच वर्ष आणि महिना आहे. एखादी सुविधा वेळेत झाली नाही तर ती पुढच्या आवृत्तीत जाते. एसटी सुटली की राहिलेला प्रवासी पुढची गाडी पकडतो, तसंच.

सगळ्यात अवघड म्हणजे सुविधा आणि तारीख या दोन्हींचा शब्द एकदम देणं. फोटो एडिटिंगच्या गिंपमध्ये मोजकीच माणसं काम करतात. २.१० एप्रिल २०१८ मध्ये आली. त्यानंतरच्या ३.० साठी मे २०२४ चं लक्ष्य सांगितलं गेलं, पण ती मार्च २०२५ मध्ये आली. उशीर मोठा होता. मात्र मधल्या काळात चाचणीच्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्यामुळे काम बंद पडलं अशी शंका घ्यायला जागा नव्हती.

मराठीचा संबंध कुठे येतो?

'स्ट्रिंग फ्रीझ' नावाचा एक टप्पा असतो. त्यानंतर मेनू आणि सूचनांमधला इंग्रजी मजकूर बदलायचा नाही असा नियम असतो, म्हणजे अनुवादकांना निवांत काम करता येतं. मराठी अनुवादही बराचसा नोकरी, अभ्यास सांभाळून होतो. ही तारीख वेळेत कळली नाही, किंवा ती उलटल्यावर कुणी वाक्य बदललं, तर मराठी मेनूच्या मधोमध एक ओळ इंग्रजी राहते. ती पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे लिबरऑफिसमध्ये सहा महिने आणि डेबियनमध्ये साधारण दोन वर्षं, तशीच दिसत राहू शकते.